नैवेद्याला प्रतिनिधी चालतो का?

मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघा श्रोत्यांनी लिहिलं की, सर, तत्त्वज्ञान जास्त झालं, इतिहास कमी पडला. तक्रार रास्त आहे. म्हणून आज स्वयंपाकघरातून सुरुवात करतो. तरी तत्त्वज्ञान मध्ये येईलच. चाळीस वर्षांची खोड आहे, सहज जाणार नाही.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या पुतणीचा अमेरिकेतून फोन आला. तिच्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार असतात. आईकडून आलेले, अजून धरून ठेवलेले. तिकडे थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येतो. २०२५ साली २७ नोव्हेंबरला मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार आणि थँक्सगिव्हिंग एकाच दिवशी आले. शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलेलं. ती म्हणाली, "काका, उपास सोडायला टर्की चालते का, एवढं सांगा." हे चेष्टेत होतं, तिचा खरा प्रश्न पुढेच होता. तिची मुलं विचारत होती की आपण मार्गशीर्षात जे करतो ते तरी का करायचं? आणि शेजारच्या बाई म्हणत होत्या की टर्की कुणाला मनापासून आवडत नाही, कोरडी होते, तरी दरवर्षी करावी लागते. आता बंद करावी का? म्हणजे दोन्ही घरांत एकच भांडण. सणाला जे ठरलेलं आहे ते ठेवायचं की बदलायचं?

आम्ही तेव्हा फोनवर काहीतरी थातुरमातुर सांगितलं. नंतर चैन पडेना. त्या प्रश्नाचं हे उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी त्यांच्या ताटाकडे बघू. थँक्सगिव्हिंगची कथा १६२१ सालची. प्लिमथच्या वसाहतीत पहिलं पीक हाती आलं, इंग्रज वसाहतवाले आणि तिथले मूळ रहिवासी वाम्पानोआग तीन दिवस एकत्र जेवले. त्या जेवणाचं जे पत्र उपलब्ध आहे त्यात रानपाखरांचा उल्लेख आहे आणि वाम्पानोआगांनी आणलेल्या पाच हरणांचा आहे. टर्कीचं नाव नाही. बटाटा तर त्या वसाहतीत अजून पोचलेलाच नव्हता. आज जे ताट 'परंपरेचं' म्हणून मांडलं जातं ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात ठरलं. सारा जोसेफा हेल नावाच्या संपादिका वर्षानुवर्षं मासिकातून पाककृती छापत होत्या, राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत होत्या. शेवटी यादवी युद्ध पेटलेलं असताना लिंकननी १८६३ साली हा दिवस देशभर पाळायचं जाहीर केलं. चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो १९४१ मध्ये. ज्यांनी हरणं आणली होती त्यांचे वंशज १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात. हेही त्या ताटात वाढलेलं आहे, कुणी खावो न खावो.

जाता जाता एक सांगतो. १८६३ सालीच कोल्हापुरात रॉबर्ट वाइल्डर नावाचा मुलगा जन्मला, जो पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी-मिशनरी चळवळीचा मोठा पुढारी झाला. त्याचे अमेरिकन वडील रॉयल वाइल्डर १८५२ साली इथे मिशनच्या कामाला आले होते. वाइल्डर मेमोरियल चर्च आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मराठी चर्चमधून हंगामाचा सण होतो, शेतकरी धान्य, भोपळे, भाजी आणून ठेवतात, उपकारस्तुती होते. तिथे टर्की नाही, ज्वारी आहे. म्हणजे सण समुद्र ओलांडतो तेव्हा ताट बरोबर येतंच असं नाही.

टर्की मात्र आपल्याकडे फार पूर्वी येऊन गेलेली आहे! जहांगीर बादशहाच्या आठवणींत १६१२ सालची नोंद आहे. मुकर्रबखानाने गोव्याहून काही अजब प्राणी-पक्षी आणले, त्यात हा पक्षी होता. बादशहाला इतकं नवल वाटलं की उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. प्लिमथच्या जेवणाला अजून नऊ वर्षं अवकाश होता.

आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून फक्त तो पक्षी आला नाही. मिरची, बटाटा, शेंगदाणा, मका, टोमॅटो, रताळं हे सगळं अमेरिकेच्या दोन खंडांतलं. आता आपलं उपासाचं ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, बाजूला बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. सोळाव्या शतकाआधीच्या कोल्हापुरात यातला एक जिन्नस मिळाला नसता. साबुदाण्याची गंमत तर दुहेरी आहे. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचा. तो बाहेरून यायचा. दुसऱ्या महायुद्धात आयात बंद पडली, तेव्हा तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या, म्हणजे मूळ ब्राझीलच्या कंदापासून तो करायला लागले. आज आपण एकादशीला जो खातो तो हा. परक्या वस्तूच्या जागी आलेली दुसरी परकी वस्तू, आणि ती आपल्या सगळ्यात सोवळ्या दिवशी! पुतणीला आम्ही म्हटलं, अगं, शेजाऱ्यांकडचा बटाटा, रताळं, भोपळा खुशाल खा. त्यांचं ताट आणि आपलं उपासाचं ताट हे एकाच मातीतले आहेत.

इथवर आलं की टाळ्या पडतात, आणि वक्त्याने थांबून पाणी प्यावं असा मोह होतो. 'बघा, तुमची परंपरा म्हणजे सगळी उसनवारी, मग कसला आग्रह धरता?' ही मांडणी हल्ली फार चालते. आम्हाला ती आळशी वाटते. एखादी गोष्ट कुठून आली यावरून ती आज काय आहे हे ठरत नाही. तांबड्या रश्श्यातली मिरची मेक्सिकोकडची असेल, पण तांबडा रस्सा मेक्सिकोचा नाही. सून बाहेरच्या घरातून आली म्हणून ती घरातली नाही असं कोण म्हणेल? उगम सांगून प्रश्न सुटत नाही, फक्त अहंकार थोडा उतरतो. तेवढ्यापुरता तो उपयोगी.

मग प्रश्नाला हात कुठून घालायचा? आम्हाला वाटतं, हा प्रश्न सगळ्यात कसोशीने जिथे चर्चिला गेला ती जागा म्हणजे पूर्वमीमांसा. नाव ऐकून घाबरू नका. मीमांसकांचा सगळा जीव यज्ञ बिनचूक कसा करायचा यात. त्यांना रोजची अडचण यायची. वेदात सांगितलंय, व्रीहीने यज्ञ करा. व्रीही म्हणजे भात. यंदा भात नाही. आता काय? यज्ञ सोडायचा, की दुसरं धान्य घ्यायचं? जैमिनीच्या सूत्रांत सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद जवळजवळ याच भानगडीवर आहे. बदली द्रव्याला ते 'प्रतिनिधी' म्हणतात. आपण निवडणुकीत निवडून देतो तोच शब्द. वाईला केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे सात खंड केले, त्यात हे सगळं विषयवार लावून ठेवलेलं आहे. आमच्या तरुणपणी ते खंड चाळताना आम्ही हा भाग रुक्ष म्हणून उलटून टाकला होता. स्वयंपाकघराशी त्याचा संबंध आहे हे कळायला सत्तरी यावी लागली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जे कर्म नित्य आहे, म्हणजे करायलाच हवं, त्यात वस्तू नाही म्हणून कर्म सोडू नये; प्रतिनिधी घ्यावा. भात नाही तर नीवार घ्या, रानभात. जे कर्म काहीतरी फळ मिळवायला हौसेने करता, त्यात मात्र सगळी अंगं पुरी हवीत, नाहीतर करूच नका. हा फरक फार मोलाचा आहे. पुढे ते म्हणतात, प्रतिनिधी द्रव्याला चालतो. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना नाही. नीवार घेतला तरी मंत्रात शब्द व्रीहीच राहतो. तुम्ही करताय ते नीवारानं, पण मनात आणि मुखात व्रीही. आणि यज्ञाला जे निषिद्ध, उडीद, कोद्रव वगैरे, ते कितीही सारखं दिसलं तरी घ्यायचं नाही.

सगळ्यात सुंदर नियम पुढचा. समजा नीवार घेतला आणि तोही मध्येच संपला किंवा नासला. आता तिसरं धान्य शोधायचं ते नीवारासारखं शोधायचं की व्रीहीसारखं? मीमांसक म्हणतात, व्रीहीसारखं. बदलीची बदली मुळाकडे बघून करा, बदलीकडे बघून नव्हे. नाहीतर एकेक पाऊल सरकत सरकत तुम्ही कुठे पोचाल याचा नेम नाही. साबुदाण्याचं जे झालं ते हेच. उपास म्हणजे हलकं, थोडं, पोटाला विसावा. त्याच्या जागी कंद आला, कंदासारखा दिसणारा दाणा आला, दाण्याची तुपातली खिचडी आली, मग वडे आले. आता उपासाच्या दिवशी दुपारी आडवं व्हावं लागतं.

याउलट ऋषिपंचमी घ्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. मूळ हेतू अजून स्वच्छ दिसतो. आमच्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारलं होतं, सर, ट्रॅक्टरनं नांगरलेल्या रानातले गहू चालतात का? नियमाप्रमाणे चालायला हवेत! आम्ही तास संपल्याचं सांगून सुटका करून घेतली.

आता आपल्या पुरणपोळीकडे येऊ. होळी, बेंदूर, पाडवा, दारात पाहुणा, कशालाही कोल्हापुरात पोळी. आपल्याला वाटतं हे अनादि आहे. भरलेल्या किंवा पातळ पोळीचे प्रकार जुने आहेत यात शंका नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मंडक आहे, तोच आपला मांडा, बेळगावकडे अजून लग्नाकार्यात करतात. पण तो राजाच्या जेवणाचा अध्याय आहे. रयतेच्या घरात वर्षाला चार-पाचदा गोड पुरण शिजायला गूळ हवा, आणि भरपूर गूळ व्हायला पाणी हवं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाची बाजारपेठ उभी राहिली. राधानगरीच्या धरणाचं काम त्यांनी हाती घेतलं, पुरं झालं ते त्यांच्या पश्चात. पंचगंगेच्या काठानं ऊस पसरला, गुऱ्हाळं आली. आमच्या लहानपणी हिवाळ्यात गावाबाहेर पडलं की चुलवाणाचा धूर आणि काहिलीतल्या रसाचा वास. म्हणजे घरोघरची, पोट भरून खायची पुरणपोळी ही धरणाची आणि बाजारपेठेचीही लेक आहे. महाराजांचं नाव आपण वसतिगृहांसाठी घेतो, ते योग्यच, पण पोळीच्या ताटावरही घ्यायला हरकत नाही.

आणि त्याच काळाची दुसरी बाजू. ही पोळी कुणाच्या पंगतीत कुणी खायची, हेही परंपरेनेच ठरलेलं होतं. गंगाराम कांबळ्यांनी चहाचं दुकान काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचं म्हणून तिथे लोक जायला तयार नव्हते. महाराज मुद्दाम गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे, बरोबरच्यांनाही प्यायला लावायचे. कोल्हापुरात हे सगळ्यांना पाठ आहे. आम्ही फक्त एवढंच लक्षात आणून देतो की इथे पदार्थ बदलला नाही, चहा तो चहाच. बदलली ती पंगत. जेवणाच्या इतिहासात पदार्थापेक्षा पंगत जास्त बदलावी लागली आहे, आणि ती बदलायला जास्त वेळ लागला आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही मोहीम चालवली, ती आपल्याकडेही चालते. आगीत टाकायची पोळी गोळा करायची आणि ज्यांच्या घरी पोळी नाही त्यांच्याकडे पोचवायची. सुरुवातीला लोकांनी किती त्रागा केला! मीमांसकाच्या भाषेत इथे अग्नीलाच प्रतिनिधी दिला, जे शास्त्राला मंजूर नाही. आम्हाला मंजूर आहे. शास्त्र सगळीकडे ऐकावं असं आम्ही म्हणालोच नव्हतो. पण गंमत बघा, त्यांनीही पोळी बदलली नाही. भूक लागलेल्याला द्यायची ती पोळीच, वरणभात नव्हे. सणाच्या दिवशी सणाचं.

आता थोडं घरचं. १९६५ साली शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा आम्ही शाळेत होतो. पुढे लग्नात किती पानं वाढायची यावर सरकारी मर्यादा आली. मग ७२चा दुष्काळ. कोल्हापूर बाकी महाराष्ट्राच्या मानाने सुखी, तरी रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. तिची भाकरी थापताना चिरायची, रंगाने कशीशीच दिसायची. त्या वर्षीच्या होळीला हरभऱ्याची डाळ आमच्या ऐपतीत नव्हती. आईने चंदगडकडून आलेली रताळी उकडली, गूळ घालून शिजवली, त्याचं पुरण भरून पोळ्या लाटल्या. आम्ही तेव्हा तत्त्वज्ञान शिकत होतो, नुकती शिंगं फुटलेली. आम्ही म्हटलं, आई, ही रताळ्याची पोळी आहे, हिला पुरणपोळी म्हणून निवद दाखवणं हे खोटं बोलणं झालं. ती पोळीवर तूप सोडत होती. म्हणाली, "देवाला काय सांगायचं ते मी बघते. तू खा."

तिने जैमिनीचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण नित्य कर्म सोडायचं नाही, द्रव्य बदलायचं, मंत्र बदलायचा नाही, हे तिने तंतोतंत केलं. आणि पुढच्या वर्षी डाळ मिळाली तशी ती परत डाळीकडे आली. आम्हाला रताळ्याची जास्त आवडली होती. तिने ऐकलं नाही. "ती अडीनडीची," म्हणाली.

इथे आमचं एक मत सांगतो. पटलं नाही तर सोडून द्या. अडचणीने केलेला बदल आणि कंटाळ्याने केलेला बदल यांत फरक आहे. अडचणीचा बदल मूळ वस्तू आठवत राहतो. कंटाळ्याचा बदल ती विसरायला मदत करतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

पण हे मत आम्ही एवढ्या ठसक्यात मांडत होतो ते परवा-परवापर्यंत. आंबील यात्रेने ते थोडं मोडलं. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षात सौंदत्तीची रेणुकेची यात्रा करून कोल्हापूरचे भाविक परतले की इथे ओढ्यावरच्या रेणुकेची यात्रा भरते. देवीला पुरण नाही. आंबील, घुगऱ्या, भाकरी, वरणा-वांग्याची भाजी, मेथी, वडी, दहीभात, वर कांद्याची पात आणि गाजर. माणसं डबे, बुट्ट्या भरून नेतात, नैवेद्य दाखवतात आणि तिथेच आसपास बसून एकमेकांना वाढत जेवतात. आमच्या मते कोल्हापुरातलं हे सगळ्यात शहाणं जेवण. त्या महिन्यात शिवारात आणि मंडईत जे आहे तेच ताटात. भोगीचीही तीच तऱ्हा. आंबील म्हणजे काय, पीठ ताकात भिजवून आंबवायचं आणि शिजवायचं. गरिबाचं पेय. देवीने गरिबाचं जेवण मागितलं म्हणून श्रीमंतालाही वर्षातून एकदा ते खावं लागतं.

याच देवीच्या नावाने मुली सोडायची चाल होती, हेही इथेच बोलायला हवं. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ साली केला, आणि तरी चोरून चालू राहिलेली ती चाल बंद पाडायला सीमाभागातल्या कार्यकर्त्यांना आणि त्या बायांना स्वतःला अनेक वर्षं झगडावं लागलं. तेव्हाही 'परंपरा आहे, देवी कोपेल' हेच ऐकवलं जायचं. आज आंबील ठेवा म्हणणारा माणूस मुलगी सोडा म्हणत नाही. परंपरा म्हणजे एकसंध दगड, एक चिरा काढला की सगळं कोसळेल, हे किती खोटं आहे याला आमच्या जवळचा पुरावा हाच. एकाच देवळातलं एक टाकलं आणि एक ठेवलं, देऊळ जागेवर आहे.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत टूम निघाली की यात्रेला घरोघरी एवढा रामरगाडा नको, सगळ्यांनी वर्गणी काढून आचाऱ्याकडून व्हेज पुलाव आणि जिलेबी करून घ्यावी, नैवेद्यापुरती वाटीभर आंबील कुणीतरी करेल. आम्ही उभे राहिलो आणि पंधरा मिनिटं बोललो. मीमांसा सांगितली. बदलीची बदली सांगितली. ज्वारी, नाचणी, ऋतुमान, सगळं. ज्वारीची शेतं उसाने खाल्ली, आता ज्वारी मंगळवेढ्याकडून यावी लागते, निदान यात्रेच्या दिवशी तरी तिची आठवण राहू द्या, असंही म्हणालो. बोलणं चांगलं झालं असं आम्हाला वाटलं. मग शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काका, सगळं पटलं. पण पहाटे तीनला उठून सत्तर भाकरी कोण थापणार? तुम्ही?"

सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र जैमिनी परत काढला, कारण काहीतरी निसटल्यासारखं वाटत होतं. ते त्याच पादात होतं. द्रव्याला प्रतिनिधी चालतो, पण यजमानाला नाही. ज्याचा यज्ञ आहे त्याच्या जागी दुसरा माणूस यजमान म्हणून बसवता येत नाही. परंपरा राखली पाहिजे हा संकल्प आमचा, आणि पहाटे तीनला उठणार दुसरं कुणीतरी. आम्ही आयुष्यभर हाच बेकायदेशीर प्रतिनिधी वापरत आलो होतो! ऋत्विज, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे पुरोहित, यजमानाने बोलवायला हरकत नाही; पण त्यांना दक्षिणा द्यावी लागते, त्याशिवाय यज्ञ पुरा होत नाही. घरातल्या बाईला आपण ना दक्षिणा दिली, ना यजमानपण. मीमांसक तर पत्नीला पतीबरोबरीने कर्माचा अधिकार सांगतात. म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना तिचा शब्द निम्मा तरी हवा. आमच्या घरी तो किती होता हे सौभाग्यवतींनी इथे येऊन सांगायला नको, आम्हीच सांगतो: शून्य.

त्याच सुमाराला त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर. पुढची होळी आली तशी आम्ही म्हटलं, पोळी आम्ही करतो. पंच्याहत्तरीला माणूस बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा करतो. डाळ शिजवली, ती जरा जास्तच. कट काढला. पुरण यंत्रातून फिरवताना दंड भरून आले. कणीक तिंबायला सांगितली होती अर्धा तास, आम्ही दहा मिनिटांत दमलो. पहिल्या पाच पोळ्या तव्यावर फुटल्या. सहावी जेमतेम गोल झाली. सौ. स्टुलावर बसून सूचना देत होत्या आणि हसू आवरत होत्या. सकाळी आठला सुरू केलेलं काम दीडला संपलं, अकरा पोळ्या. त्या दर होळीला चाळीस करायच्या, आणि आम्ही बाहेर बसून पेपर वाचत 'झालं का?' म्हणून विचारायचो. त्या दिवशी कळलं की पुरणपोळी हा पदार्थ एका माणसाने करायचा नाहीच. एकीने वाटायचं, एकीने उंडे भरायचे, एकीने लाटायचं, एकीने भाजायचं, अशा घरासाठी तो घडला. जावा-नणंदा गेल्या, घर चौकोनी झालं, पदार्थ तेवढाच राहिला आणि सगळं ओझं एका मनगटावर आलं. बदललेलं घर आम्ही मोजलंच नव्हतं.

म्हणून आता आम्ही काय म्हणतो? पोळी ठेवावी. चाळीस नको, करणाऱ्यांच्या हातांना झेपतील तेवढी. विकत आणायची असेल तर आणावी, करणारीला पुरेसे पैसे देऊन, घासाघीस न करता. ती दक्षिणा आहे. आमच्यासारख्या साखर असलेल्यांनी चतकोर खावी. डॉक्टरांनी तेवढी परवानगी दिली आहे, अर्धीची आम्ही स्वतः घेतली आहे. पण पुरणपोळीच्या चवीचं आइस्क्रीम नैवेद्याला ठेवलेलं आम्ही पाहिलं, ते नको. ते नीवाराचं नीवार झालं.

गल्लीतला तंटा असा मिटला. पुलाव रद्द झाला. आंबील आणि घुगऱ्या प्रत्येक घराने आपल्यापुरत्या करायच्या, भाजी चार घरांनी मिळून, आणि भाकऱ्या बचत गटाच्या बायकांकडून, रोख देऊन. भाजी निवडायला पुरुष मंडळी. गेल्या यात्रेच्या आदल्या रात्री आमच्या ओसरीवर सहाजण वरण्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. एक निवृत्त तहसीलदार, एक रिक्षावाले, एक कॉलेजचा पोरगा, बाकी आमच्यासारखे. आंबील आम्ही लावली होती. थंडीमुळे ती नीट आंबली नाही, जरा गोडसरच राहिली. कुणी बोललं नाही. वहिनींनी तेवढं विचारलं, "काका, ताक कालचं होतं का?"

पुतणीचा फोन परत आला होता. त्या गुरुवारी तिने शेजाऱ्यांकडे बटाटा-रताळं खाल्लं, पूजा घरी येऊन केली, आणि शेजारच्या बाईंना विचारलं की तुमच्याकडे टर्की कोण भाजतं? बाई म्हणाल्या, मीच, तीस वर्षं, पहाटे उठून. पुतणी म्हणाली, "काका, मला पुढचं काही बोलायला सुचलंच नाही."

पुढच्या आठवड्यात भोगी आहे. मंडईत वरणा आणि ओला हरभरा आलाय, गाजरं पण चांगली आहेत. बाजरीच्या भाकरीचं आम्ही अजून शिकलेलो नाही. आता प्रश्न असतील तर घेऊ.